नस दबलेली नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या फजितीचे किस्से मी लग्नाच्या पंगतीतही सांगतो — पुण्याला जायचं म्हणून डुलकी काढत वाईला पोचलो, तोसुद्धा. हा मात्र नाही. यात फजिती माझी झाली नाही ना!

नव्वदच्या दशकाची अखेर. सांगलीत माझा हाडांचा दवाखाना. प्रसिद्धी मात्र जिभेची. एका रविवारी साताऱ्यात डॉक्टरांपुढे मी मणक्यांमधल्या चकतीवर व्याख्यान झोडलं. चकती झिजते, फाटते, आतलं द्रव्य झिरपतं आणि शेजारची नस सुजते — दबलेली नसली तरी. शरीर डागडुजीसाठी वाढीची द्रव्यं सोडतं, आणि चकतीच्या गाभ्यात, जिथं नसा नसतातच, तिथं नव्या नसा उगवतात. "तासगावात द्राक्षाचे घड वाढीच्या औषधात बुडवतात ना, तसंच — फक्त इथं पीक दुखण्याचं!" टाळ्या. नुसत्या एमआरआयच्या फिल्मवर जाऊ नका, पेशंटचं ऐका — हेही मीच म्हणालो. मीच!

मंगळवारी तासगावची एक सासू सुनेला घेऊन आली. सून बागेत तेच घड बुडवायची, क्रेट उचलायची. चार महिने कंबर धरून. पुण्याहून एमआरआय काढून आणलेला. चकती काळवंडलेली, किंचित फाटलेली. नस मोकळी.

"आवं डाक्टर, हिला खरंच काय हाय, का नुसतं सोंग? तुमी म्हणाल ते खरं."

दार उघडं, बाकांवर पंधरा माणसं. मला काय सुचावं?

"मावशी, कंबर ठणठणीत. कामाची ॲलर्जी दिसतेय!"

दवाखाना हसला. सून नाही.

"हसा," ती म्हणाली, "माजी कंबर तुमच्यागत बोलकी न्हाई."

रविवारचा शब्द न् शब्द डोक्यात होता, गड्या. मग? हशा परत घ्यायचा म्हणजे पंधरा जणांसमोर 'चुकलो' म्हणायचं. तेवढं या विद्वानाला जमलं नाही. विद्वान! थू!

हंगाम संपता संपता सासू द्राक्षांची पेटी घेऊन आली. "लय बरं झालं तुमी सांगितलं. भर बागंत क्रेट टाकून खाली बसली, उठंचना. म्हनलं, कर सोंग! धाडली फलटणला म्हायेरी — कायमची."

तेव्हा तरी? 'मावशी, मी खोटं बोललो' — एवढंच वाक्य. दार त्या दिवशी बंद होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "माल झकास दिसतोय."

आणि खाल्ली ती द्राक्षं. सगळी. गोड होती.