लता काकूची तांबडी

आमच्या आईनं लता काकूची कोंबडी दाबून ठेवली, आणि काल काकू गेली.

आईला विचारून लिहितोय. ती म्हणली, लिही, आता झाकून काय करायचंय.

सायखेड्याला आमची अन् त्यांची घरं शेजारी-शेजारी. मधी फक्त तारेचं कुंपण. दोघींकडं एकेक तांबडी कोंबडी.

ऐन थंडीत पावसाची झड लागली. अंगणात नुसता राडा. दोन्ही कोंबड्या एकाच कलरच्या, चिखलाच्या.

त्यात एका तांबडीला मुंगसानं नेलं. उरलेली कुडकुडत आमच्या पडवीत येऊन बसली.

आई म्हणली माझी. काकू म्हणली माझी. लय वाजलं.

शेवटी काकू म्हणली, "संध्याकाळी दार उघडं ठेव. ज्याच्या खुराड्यात जाईल त्याची."

बरोबरच हाय. कोंबडी दिवसभर कुठंबी हिंडू दे, अंधार पडायला लागला की आपल्याच खुराड्यात जाती.

आई म्हणली, "एवढ्या गारठ्यात आजारी जीव सोडू व्हय?"

तिथनं बोलणं बंद.

आईनं तिला कोमट पाण्यानं धुतलं, चुलीपाशी कोरडं केलं. आमच्या तांबडीचं एक नख तुटलेलं व्हतं. हिची सगळी शाबूत.

मी आईकडं बघितलं. आईनं चुलीकडं बघितलं.

पण कोंबडीला सर्दी खरंच झालेली. चोच उघडी टाकून श्वास घ्यायची. आईनं खोक्यात भुसा टाकला, वर बल्ब लावला. भुसा ओला झाला की लगेच बदली. पाण्यात ठेचलेला लसूण. मला कधी एवढं जपलं नाय.

मी फोटो काढून 'व्हीआयपी वॉर्ड' म्हणून स्टेटसला टाकला. सगळ्यात आधी काकूनंच बघितला.

कोंबडी बरी झाली. आई म्हणायची, पाऊस थांबू दे, मीच नेऊन देते, चहा पण पिऊन येते.

पाऊस थांबला. मग म्हणायची, चिखल वाळू दे.

काल सकाळी काकूच्या छातीत दुखायला लागलं. नाशिकला न्यायला गाडी काढली. तिथल्या द्वारका चौकापर्यंत पण पोचली नाय.

आज संध्याकाळी आईनं स्वतः दार उघडलं.

तांबडी चिखलातनं पाय उचलत तारेखालून सरळ त्यांच्या खुराड्यात गेली. एकदा पण मागं बघितलं नाय.

काकूचे मालक, आमचे नाना, ओट्यावर बसलेले. आई तारेपाशी उभी.

नानाच बोलले. "वहिनी, तिला माहीत व्हतं, कोंबडी आपलीच हाय. म्हणायची, आपलं खुराडं गळतंय, तिकडं बल्बखाली हाय तर राहू दे. फक्त तुम्ही बोलत नाय, तेवढं लागायचं तिला."

आई तिथंच चिखलात बसली. मी अन् नानांनी धरून उठवली.

गावात कुणाची चप्पल गायब झाली, कुणाची सायकल झाडाला टांगली, की लोक डायरेक्ट माझ्या घरी येतात. आणि बरोबर येतात.

अशा माणसानं एका संध्याकाळी गुपचूप कडी काढायला काय हरकत व्हती? आईनं मला चार शिव्या घातल्या असत्या. कोंबडी घरी गेली असती. दोघी चहा पीत बसल्या असत्या.

नेमकी तीच खोडी करायची राहिली.

काकू, तुला शेवटचा नमस्कार. आई शेजारीच बसलीय, तिचा पण.