वऱ्हाड थांबवणारी प्रिस्किलाताई

विसरवाडीच्या हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आणि शेजारी प्रिस्किलाताईचं वेल्डिंगचं. आयटीआय शिकलेली, हाताला सफाई अशी की बघत राहावं. पण कुणी घाई केली की वसकन अंगावर येते. मला रोज एकदा तरी ओरडा बसतोच.

परवा भर दुपारी रनाळ्याच्या सुपडूभाऊंचा बँडचा टेम्पो तिच्या दारात थांबला. खड्ड्यात आदळून स्पीकरच्या पिंजऱ्याचा पाइप तुटला होता. लग्नघर जवळच होतं. बँड अडकला म्हटल्यावर वऱ्हाडच नुसत्या ढोलावर नाचत दुकानापाशी आलं! अहो, काय ती गर्दी! मी हातातली ट्यूब टाकून रस्त्यावर आलो.

सुपडूभाऊंना दम कुठला? मशीन चालूच होतं. त्यांनी अर्थिंगचा चिमटा उचलला आणि हाताला येईल तिथे, टेम्पोच्या मागच्या टोकाला लावला.

"ताई, वऱ्हाड उभं शे! मार पटकन टाका!"

ताईनं मशीनच बंद केलं आणि तुटक्या पाइपावर बोट ठेवलं.

"काढ तो चिमटा, भाऊ. तुटेल शे आठे आणि अर्थिंग तठे? करंट तुन्हा अँप्लिफायरमा जाई, मंग लगीनमा तूच गाशी का?"

वऱ्हाड खदखदून हसलं. सुपडूभाऊ लालेलाल. ताईला कसली पर्वा! तिनं बॅटरीची वायर सोडायला लावली, अँप्लिफायरच्या पिना उपसायला लावल्या. वेल्डिंगची कांडी धरायच्या होल्डरच्या केबलचा नट सैल होता, तो पान्यानं आवळला. तुटल्या जागेशेजारचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं आणि चिमटा तिथे घट्ट बसवला. मग केबलवर नाचणाऱ्यांना मागे रेटलं.

"एवढे नखरे कशाला?" नवरदेवाच्या मामी रमिलाबाई फुरंगटल्या. मुहूर्त टळतो की काय, म्हणून माझाही जीव वरखाली.

"डोळे फिरवा!" ताई ओरडली आणि ठिणग्या उडाल्या.

पाइप गार झाल्यावर तिनं पिंजऱ्याला लोंबकळून हिसके दिले. जराही हलला नाही. सुपडूभाऊंनी वायरी जोडल्या, घाबरत की-बोर्डवर बोट ठेवलं... वाजला! छातीत धडधडेल असा वाजला! मी मनसोक्त नाचलो, लाज कसली?

रमिलाबाईंनी ताईला हात धरून नाचायला पुढे ओढलं.

"थांबा, पहिले केबल गुंडाळू द्या," ती म्हणाली.

अख्खं वऱ्हाड थांबलं. सुपडूभाऊ बाजा सोडून केबल उचलायला धावले, पण वाकता वाकता थबकले.

"ताई, मशीन बंद शे ना?"