कडेला उभा असलेला छिलबोंग

“फोटोत जो उभा आहे, तो तिथं होता,” ब्योन जोमसुन एकदा म्हणाली होती. आमच्या मासान बंदरात तिचा फोटो स्टुडिओ होता.

साठ सालच्या निवडणुकीत मतपेट्या आधीच भरलेल्या निघाल्या. शाळा-कॉलेजची मुलं रस्त्यावर उतरली. जोमसुननं खिडकीतून त्यांचे फोटो काढले. संध्याकाळी गोळीबार झाला. वर्षभरानं लष्कर सत्तेवर आलं आणि असले फोटो बाळगणंच गुन्हा ठरलं.

तिनं निगेटिव्ह सासऱ्यांच्या तसबिरीमागे दडवल्या. झडतीवाल्यांनी कपाटं उपसली, फरशी उचकटली. काळी फीत लावलेल्या तसबिरीपुढे मात्र टोप्या काढून वाकले. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या तसबिरीला परका हात लावत नाही. पोरांवर बंदुका रोखणाऱ्यांना तेवढी रीत पाळता येत होती!

ताक छिलबोंग रस्त्यावर बूट पॉलिश करायचा. गोळीबाराच्या त्या संध्याकाळी तोही मेला. त्याची बहीण जोमसुनकडे आली.

“ताई, त्याचा एकसुद्धा फोटो नाही गं. श्राद्धाच्या पानामागे काय ठेवू?”

जोमसुननं गर्दीच्या कडेचा त्याचा चेहरा मोठा करून दिला.

पस्तीस वर्षांनी सरकारी स्मृती-समिती आली. अध्यक्ष कू साहेब त्याच फोटोत पुढच्या रांगेत होते, शाळेच्या टोपीत. जोमसुन निगेटिव्हचं पाकीट घेऊन समितीच्या कचेरीत गेली. मी शेजारी म्हणून सोबत होतो. समितीनं आधी नेलेल्या प्रतीवरून उठावावरच्या पुस्तकाचं पान तयार झालं होतं. फोटो शेवटच्या गणवेशाच्या बाहीशी संपत होता.

“छिलबोंग कुठाय?”

“कोण, आजी?” कू साहेबांनी विचारलं.

“पॉलिशवाला.”

“अहो, हा विद्यार्थ्यांचा उठाव. गणवेश नसलेला दिसला की लोक विचारतात, हा कोण?”

“मग सांग की! जीभ भाड्यानं दिलीयस?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. कू साहेब नाही हसले.

“तुझ्या डोक्यावर टोपी होती, त्याच्या हातात ब्रश. गोळीनं टोपी बघितली का रे?”

“आजी, चहा घ्या, निवतोय. पुस्तक छापायला गेलंय. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“त्याची बहीण अंथरुणाला खिळलीय. तिला सांगू, पुढच्या आवृत्तीपर्यंत थांब?”

लष्कराला जे जमलं नाही, ते या सभ्य माणसांनी बसल्या जागी, चहा पिता पिता केलं होतं.

कू साहेबांनी बोट टेबलावरच्या पाकिटाकडे नेलं. “निगेटिव्ह तेवढ्या ठेवून जा. आता त्या राष्ट्राच्या आहेत.”

जोमसुननं पाकीट उचललं, रुमालात घालून गाठ मारली आणि बाहेर पडली.