दुकानचा खोका आणि आईचे अनारसे

मिठाईच्या खोक्यांविरुद्ध मी गावातल्या आमच्या कचरा-गटासाठी तीन पत्रकं लिहिली. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, पण सगळं अर्धंच होतं. हे मला आमच्याच घरात कळलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी खोक्याबद्दल. दिवाळी झाली की आमच्या गावी, कारध्याला, पुलाखाली, नदीच्या काठाशी काय साचतं ते येऊन पाहा. चकचकीत पुठ्ठा, आत प्लास्टिकचा ट्रे, ट्रेमध्ये प्रत्येक पेढ्याला वेगळी कागदी वाटी, वरून रिबीन. मिठाई पाव किलो आणि थाट वरातीचा. भंगारवाला तो पुठ्ठा कागदात घेत नाही, कारण त्याला प्लास्टिक चिकटलंय. प्लास्टिकमध्येही घेत नाही, कारण तो पुठ्ठा आहे. मग लोक जाळतात, नाहीतर नदीला देतात, आणि वर नदीला माय म्हणतात.

म्हणून माझं पत्रक होतं: खोका नको, डबा द्या. फराळ घरी करा, स्टीलच्या डब्यात घालून शेजारी द्या, डबा परत घ्या. गेल्या दिवाळीआधी मी गल्लीतल्या सहाही घरी गेले. शेजारच्या काकूंनी ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. म्हणाल्या, "बरोबर लिवलं व पोरी. आमच्या वेळेस कुठं होते हे खोके?" ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवायलाही त्या सगळ्यांच्या आधी तयार झाल्या. गल्लीच्या बादल्या रोज सकाळी मीच आमच्या मागच्या खतखड्ड्यात रिकाम्या करायची.

घरी आले तर कपाटावर भंडाऱ्याच्या दुकानातले सहा खोके. रिबिनीसकट.

"आई, हे काय? मी गावभर काय सांगून राहिली?"

"गल्लीत द्यासाठी आणले. दरसाल आणतो."

"आणि तू केलेले अनारसे?"

"ते आपल्यासाठी."

मी पत्रक तिच्यापुढे धरलं. तिनं ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "दुकानचा खोका ते खातेत. आपल्या हातचं खात नाईत. हे तुह्या पत्रकात कुठं हाय?"

आमचं घर बौद्ध आहे, गल्लीतलं एकुलतं एक. लहानपणापासून सहाही घरचं फराळाचं ताट आमच्याकडे यायचं आणि आमच्याकडून खोके जायचे. मला वाटायचं, आईला दुकानाची हौस आहे. मी कचरा मोजत बसले, आणि तो खोका आमच्या घरात कशासाठी येतो हे कधी विचारलंच नाही.

आता कळलं, तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, तो काळ गेला. आईनं तीन दिवस तांदूळ भिजवून, कुटून, गूळ घालून केलेले अनारसे. एकही तुपात हसून फुटला नव्हता, सगळ्यांना जाळी सुरेख. ते मी स्टीलच्या डब्यात भरले आणि स्वतः काकूंकडे नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. धुतलेला, आणि रिकामा देऊ नये म्हणून आत मूठभर साखर. मी आईपुढे डबा नाचवला. तिनं साखर बरणीत ओतून घेतली.

त्याच्या पुढच्या सकाळी काकूंच्या बादलीत ओल्या वर्तमानपत्राची पुडी निघाली. आत अनारसे. सगळेच्या सगळे, एकालाही दात लागलेला नव्हता.

मी आईला सांगितलं. लपवणं मला जमत नाही. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "टाक खड्ड्यात. खत होईन."

घरच्या डब्यात थोडे उरले होते. चार मी ताटलीत घेतले, झाकण न घालता, आणि काकूंच्या ओट्यावर जाऊन बसले.

"ठेव तिथं," काकू म्हणाल्या.

"ठेवत नाही. तुम्ही खा, मग ताटली घेऊन जाते. मागचे बादलीत सापडले मला."

"मुंग्या लागल्या होत्या व त्याले."

"मुंग्या नव्हत्या, काकू. बादली मीच रिकामी करते."

काकूंनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. "आज माहा उपास हाय."

"मग उद्या येते."

उद्या गेले. म्हणे शुगर वाढली आहे. मी म्हटलं, "तुमच्या घरचे लाडू आम्ही इतकी वर्षं खातो, त्यातही साखरच असते." समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. परवा पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न पाहता एक उचलला आणि खाल्ला, अख्खा. शरमेनं खाल्ला, प्रेमानं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. चालेल. इतकी वर्षं शरम आमच्याच घरात राहत होती.

चौथ्या पत्रकात मी हे लिहिलं. आमच्या गटातले मोठे म्हणाले, कचऱ्याच्या कामात जात आणू नको, लोक तुटतील. मी म्हटलं, मी आणली नाही, ती बादलीत होती. ती ओळ छापली गेली. दोन घरांनी बादली देणं बंद केलं.

आणि आईनं पुढच्या सणाला खोके सोडले का? पाच आणले. काकूंच्या घरी तेवढा डबा गेला. मी भांडले, तर म्हणाली, "तू पाच ओट्यावर बस आधी, मग मले सांग."

बसणार आहे. पण त्या तिसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. काकू तोंड पुसत म्हणाल्या होत्या, "गूळ जास्त झाला, सांग तुह्या मायले." मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"गूळ जास्त? तिच्या चकल्याईनं दात हलतेत, आपण म्हणतो का कधी काही?"

म्हणाली आणि लगेच उठली. एक अनारसा मोडून तोंडात घातला, बराच वेळ चघळला, आणि गूळ खरंच जास्त झाला होता का, ते मला विचारायला लागली.