पंखेवाल्याची आई

त्या होत्या तोवर आमच्या भद्रावतीच्या कॉलनीत त्यांना सगळे ‘पंखेवाल्याची आई’ म्हणत. मुलगा इंग्लंडात शर्यतीच्या गाड्यांचे पंख आखत असे. कॉलनीने त्या पंखांचे पंखे केले. उन्हाळा लागला की बायका म्हणत, “काऊन हो बाई, पोराले सांगून एक पंखा धाडा ना!” त्यांचं उत्तर ठरलेलं, “त्याचा पंख हवा देत नाई, हवा खाते.”

यजमान गेल्यावर त्या घरात एकट्याच. रविवारी विहारातली वंदना आटोपली की टीव्ही लावत आणि भिंतीपलीकडून मला हाक मारत. “एकटीनं पाह्यलं का नुसत्या गाड्या फिरतेत, भाऊ. सोबत कोणी असलं का शर्यत होते.”

मी हिशेब विभागातला माणूस, कळल्याशिवाय मान हलवत नाही. डाउनफोर्स म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारी हवा आणि ड्रॅग म्हणजे तिला मागे खेचणारी, हे त्यांनी मला चंद्रपूरच्या एसटीत शिकवलं. त्यांचे शब्द दाब आणि ओढ. खिडकीबाहेर तळवा काढून अंगठ्याकडची कड खाली झुकवली. “पाहा, हात खाली दबते अन् मांगंही जाते. दाब पाहिजे त ओढ सोसा लागते.”

कंडक्टर ओरडला, “बाई, हात अंदर घ्या, नाई त इथीच राहून जाईन!”

वेग दुप्पट झाला की दोन्ही चौपट होतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी घरी येऊन पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

हे सगळं त्या शिकल्या मुलासाठी. फोनवर तो “जेवलीस का?” विचारून गप्प होई. पंखाचं विचारलं की मात्र अर्धा तास बोले.

घात करत ते नियम. गाड्या फार वेगवान झाल्या, किंवा पुढच्या गाडीने विस्कटलेल्या हवेत मागचीला जवळ जाता येईना, की आयोजक नियम बदलत. पंख लहान होई, गाडीच्या तळाचा आकार बदले आणि मुलाचं काम पहिल्यापासून सुरू. मग महिनोन्‌महिने फोन नाही. “पोरगा काय म्हणतो?” असं विचारलं तर त्या एवढंच म्हणत, “नियम बदलले, भाऊ.”

शेवटी असा नियम आला, की पंखाची पट्टी सरळ रस्त्यावर ओढ कमी करायला आडवी व्हावी आणि वळणावर दाबासाठी पुन्हा उभी. त्या दिवाळीला मुलगा येणार होता. त्या मला समोर बसवून प्रश्नांची तालीम करत. “काईबाई इचारलं त तो गप बसन.”

तो आला तेव्हा मी चहाला होतो. त्यांनी विचारलंच, “वळणावर पट्टी उभी व्हाले उशीर झाला, त गाडी घसरन ना रे?”

त्याने कप खाली ठेवला. “आई, ते काम मी केव्हाच सोडलं. आता विमा कंपनीत आहे. तुला गाड्यांची एवढी आवड, म्हणून सांगवलं नाही.”

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “हो, मले लई आवडतेत.”

तो परत गेला. पुढच्या रविवारी हाक आली. गेलो तर टीव्ही बंद होता. मी बसायच्या आतच त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही हिशेबातले. विमा म्हंजे नेमकं काय असते, सांगा बरं मले.”