लाल मशीन आणि म्हशीचे पैसे

अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवते. सवयच आहे तशी.

भूकंपात गावाकडचं दगडमातीचं घर पडलं आणि आम्ही लातूरला आलो. पुढं इथं क्लासेस वाढले, तसं वरच्या मजल्यावरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरींना दिल्या. त्यात एक हदगावची होती, डॉक्टर व्हायला आलेली. गादीवर बसली की शिंका सुरू. मी गाद्या उन्हात घालायची, काठीनं बडवायची, पण धूळ उडून पुन्हा तिथंच बसायची.

एक दिवस ती रडवेली होऊन म्हणाली, "काकू, पप्पा म्हणून राहिलेत, असंच चाललं तर क्लास सोड अन् घरी ये."

धूळ ओढायचं मशीन मी दुकानात पाहून ठेवलं होतं. पैसे मात्र फक्त सासूबाईंजवळ होते. भूकंपात त्यांची म्हैस गेली, तेव्हापासून त्या नव्या म्हशीसाठी साठवत होत्या. मी दारात उभी राहून कसंबसं विचारलं.

"दिवाळीला परत पायजेत," त्या म्हणाल्या. "न्हाई तर तुझ्या मशीनखालीच चरवी घेऊन दूध काढाया बसंन."

मशीन आलं. लालभडक, नव्या मोटारीसारखं चकचकीत. पिशवी नाहीच, पुढं काचेसारखा डबा, आत काय ओढलं ते सगळं दिसतं. मला धीर निघेना. दिवेलागण झालेली असतानाच वर नेऊन चालू केलं. काय तो आवाज! गादीवरून नळी फिरवली, पलंग सरकवले, पुन्हा फिरवली. धूळ डब्यात गरगर फिरताना बघून मला हसूच येत होतं.

खाली मांडणीवरची भांडी खणखणली. सासूबाई ओरडल्या, "बाहेर पडा! पोरींनो, पळा!" पोरी पुस्तकांसकट रस्त्यावर. समोरचे, शेजारचे, सगळी गल्ली बाहेर. आमच्याकडं अशा वेळी कुणी विचारत बसत नाही, आधी पळतात. मला मात्र काहीच ऐकू आलं नाही. मशीन बंद केलं, खिडकीतून पाहिलं तर खाली जत्रा. घाबरून मशीन उचलून तशीच खाली गेले.

"ह्यो व्हय भूकंप?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. गल्ली हसून हसून बेजार. मग त्यांना आठवलं. "अगं, दिवे लागल्यावर केर काढलास? लक्ष्मी जाती की!"

मी डबा पुढं केला. "केर घरातच हाय, आत्याबाई. सकाळी टाकते."

त्यांनी डबा दिव्याजवळ नेऊन न्याहाळला. "मग चालतंय," म्हणाल्या.

डबा सगळ्या गल्लीनं पाहिला. समोरच्या खोल्यांची मालकीण म्हणाली, "बाई गं, एका गादीत एवढी घाण? आमच्या गाद्यांना कधी येतीस? फुकट नगं, पैसे घे."

अशी सुरुवात झाली. एरवी परक्या घरात मला शब्द फुटत नाही. पण मशीन चालू असलं की कुणी बोलतच नाही, आणि बंद केल्यावर डबा दाखवला की झालं. आमची गल्ली झाली, मागची झाली. काम झालं की मशीन जिन्याखाली ठेवायची. हदगावच्या पोरीच्या शिंका थांबल्या. तिचा रुमाल नुसता दोरीवर लोंबत असायचा.

लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीशेजारी सासूबाईंनी मशीन मांडलं, हळदीकुंकू वाहिलं. कुंकू डब्यावर नीट टिकेना, म्हणून पाण्यात कालवून लावलं. त्या दिवशी घरातून पैसा देत नाहीत, म्हणून नोटा पदरातच बांधून ठेवल्या. पाडव्याला सकाळीच त्या सोडून सासूबाईंच्या हातावर ठेवल्या.

"म्हैस कुठं बांधायची, आत्याबाई?"

"ते मी बघंन. तू तुझी लाल म्हैस जिन्याखालून आधी हलीव."

त्यांनी दोनदा मोजलं. पैसे पुरे होते.