आतेनं निवडलेला मदरबोर्ड

वेंगुर्ल्यात २००३ साली ओव्हरक्लॉकिंग हा शब्द माहीत असलेली मी बहुधा एकटीच असेन, आणि त्याचा मला भारी माज होता. कारखान्यानं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगानं तो आपल्या जबाबदारीवर पळवायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण तो सांगताना मी असा काही चेहरा करायचे की समोरच्यानं पुढे काही विचारू नये. समोर बहुतेक वेळा आतेच असायची, मासळी निवडत बसलेली.

आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई मी लहान असताना गेली आणि बाबा ट्रॉलरवर, महिन्याचे बरेचसे दिवस पाण्यातच. आतेचा नवरा लवकर वारला होता, तिला मूलबाळ नव्हतं. बंदराजवळच्या तिच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. सकाळी ती टोपली घेऊन बाजारात बसायची, मी कॉलेज संपवून घरीच लग्नपत्रिका टाइप करायचे. कॉम्प्युटर त्यासाठीच घेतला होता. मी मात्र पत्रिका बाजूला सारून त्याच्यावर अॅनिमेशन शिकत होते, सीडीवरच्या धड्यांवरून, एकटीच.

त्या वर्षी मुंबईच्या एका स्टुडिओनं नवी मुलं घ्यायची ठरवलं. दीड मिनिटाची फिल्म करून सीडी गणपतीच्या आधी पाठवायची. मी किनाऱ्यावर रापण ओढतात ते दाखवायला घेतलं. रापण म्हणजे मोठं जाळं, दोन्ही टोकांनी गावकरी मिळून वाळूवर ओढून आणतात ते. माणसं जमली, दोर जमला, पण पाण्यानं माझा जीव खाल्ला. लाटेचं एकेक चित्र तयार करायला माझा कॉम्प्युटर इतका वेळ घ्यायचा की फिल्म दिवाळीपर्यंत पुरी झाली नसती. नवा प्रोसेसर परवडत नव्हता. होता त्यालाच पळवणं भाग होतं.

आतेला हे सगळं सांगितलं तेव्हा ती सुक्या बांगड्यांना ऊन दाखवत होती. तिनं एकच विचारलं.

"ह्यां पुरां झालां काय तू मुंबैक जातलंस?"

"घेतल्यानी तर जातलंय."

ती थोडा वेळ मासे उलटत राहिली. मग म्हणाली, "मगे कर तर बेगीन."

मी खूश झाले. लवकर कर म्हणाली, म्हणजे तिचा होकार मिळाला असंच मला वाटलं. तेवीस वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार.

अडचण मदरबोर्डाची होती. बोर्ड ताल धरतो आणि प्रोसेसर त्या तालाच्या ठरलेल्या पटीत धावतो. माझा प्रोसेसर शंभराच्या तालावर सोळा पट धावायचा. तालच एकशे तेहतीसवर नेला, तर त्याच पैशात एक पूर्णांक सहाचे दोन पूर्णांक एक गिगाहर्ट्झ होणार होते. पण माझ्या बोर्डात ताल बदलायची सोयच नव्हती, सेटिंगचं ते पानच त्यात नव्हतं. म्हणजे बोर्ड बदलायचा, आणि तोही स्वस्तात.

सावंतवाडीच्या सायबर कॅफेतून मी चार वेळा छापील पानं आणली. ताल एकेका आकड्यानं वाढवता येतो का, प्रोसेसरला थोडी जास्त वीज देता येते का, वेग वाढवला तरी बाकीची कार्डं आपल्या जागी शांत राहतात का, अशी माझी यादी होती. या तिन्ही गोष्टी असलेला एक बोर्ड कॉम्प्युटरच्या मासिकांत गाजत होता. नवा घेणं आवाक्याबाहेरचं, पण गोव्यात, म्हापशाच्या एका दुकानात तो जुना मिळतो अशी खबर प्रिंटरची शाई विकणाऱ्या माणसानं आणली. मी फोन करून तो राखून ठेवायला सांगितला. त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं. ज्याचा फोटो पाहून पाहून पान मऊ पडलं होतं, तो बोर्ड आता माझा होणार होता.

"म्हापशाक माका पन काम आसा. मी येतंय," आते म्हणाली. पावसाळा लागलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, बाजार सुक्या मासळीचा. तिला सवड होती. दुकानात हिला कुठे बसवायचं, ही माझी चिंता. नको म्हणायची हिंमत मात्र झाली नाही.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली होती. दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोर्ड काढला आणि मी तो दोन्ही हातांत धरला. तोच होता. मी मागची बाजू पाहिली, सॉकेट पाहिलं, मॉडेलचा नंबर माझ्या कागदाशी ताडून पाहिला. सगळं जुळलं. पर्स उघडणार, तेवढ्यात आते पुढे वाकली. प्रोसेसर बसतो त्या जागेशेजारी कॅपॅसिटरांची रांग असते, छोट्या उभ्या डब्या. त्यांच्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्ये सगळे सपाट आसत. ह्ये तीन कित्याक फुगलेत?"

मी पाहिलं. तीन डब्यांच्या माथ्याला खरंच फुगवटा होता, एकीवर तपकिरी डागही होता. मला ते दिसलंच नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं.

"तें तशेंच आसता, काय जायना ताका," दुकानदार म्हणाला.

मीही लगेच त्याची री ओढली. मासिकात याबद्दल काही नव्हतं, आणि मासिकात नसलेली गोष्ट माझ्या लेखी नव्हतीच. मी आतेला जरा तोडूनच सांगितलं की यातलं तिला कळत नाही. ती दुखावली नाही. बाजारात गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की ती जशी जागची हलत नसे, तशीच उभी राहिली.

"ह्यातलां माका कळना नाय, खरां. पन पोट फुगललो बांगडो मी कधी कोणाक इकूक नाय, आणि तू पैशे देवन ह्यां घेतंस?" मग दुकानदाराकडे वळून, "दुसरो दाखव रे बाबा."

तो कुरकुरत आत गेला आणि फाटक्या खोक्यातला एक नवाच बोर्ड घेऊन आला. कुणी नाव न ऐकलेल्या बनावटीचा, रंगानं भडक, जुन्याच्याच भावात. माहितीपुस्तक चाळलं तर ताल बदलता येत होता, वीजही थोडी वाढवता येत होती. कार्डं शांत राहतील की नाही याचा खुलासा नव्हता. आतेनं तो हातात घेतला, उजेडात तिरका धरला, एकेका डबीच्या माथ्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे दिला. मी रागानंच तो घेतला. परतताना गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. तिचं म्हापशातलं काम काय होतं, हेही विचारलं नाही. तिनं तिथं दुसरं काहीच केलं नव्हतं.

इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. गोव्याकडून येणाऱ्या पिशव्यांत बाटल्या शोधणारा शिपाई आमच्यापर्यंत आला, त्यानं आतेची पिशवी उघडली आणि बोर्ड बाहेर काढून उलटासुलटा केला. "हे काय?"

"चेडवाचो आसा. हळू धर," आते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. त्यानं खरोखरच हळू धरला. मला हसू आलं आणि माझा अबोला तिथंच संपला.

बोर्ड बसवला. ताल एकदम वाढवला नाही. पाच-पाचनं वर नेत गेले. एकशे तीसवर कॉम्प्युटर गोठला. मी थोडी वीज वाढवली, कॅबिनेटचं झाकण काढलं, घरातला टेबलफॅन त्याच्यावर लावला आणि एकशे तेहतीस गाठले. मग पंधरा दिवस ते यंत्र चित्रं काढत होतं आणि आम्ही दोघी उकाड्यात घामाघूम. आते येता-जाता हाताची मागची बाजू कॅबिनेटला लावून बघायची, मला ताप आला की कपाळाला लावायची तशी.

"ताप आसा गो ह्येका."

"असूदे. सोसता तो."

वीज जायची, यायची. चित्र जिथं थांबलं तिथून पुढे सुरू व्हायचं. फिल्म पुरी झाली तेव्हा आतेला शेजारी बसवून दाखवली. तिनं पाणी बघितलं आणि रापणीचा डावीकडचा दोर ढिला दिसतो असं सांगितलं. दोर खरंच ढिला होता. तो ओढून घ्यायलाही वेळ पुरला, इतकं ते यंत्र पळत होतं.

सीडी वेळेत गेली. गणपती झाल्यावर बोलावणं आलं आणि मी गेले. दर दोन महिन्यांनी येईन असं सांगून गेले होते. प्रत्यक्षात गणपतीला तीन दिवस, कधी शिमग्याला दोन. ते दिवसही फोनवर बोलण्यात जायचे. आते माझ्या पुढ्यात ताट ठेवून नुसती बसून राहायची.

दोनेक वर्षांनी आमच्या स्टुडिओतली यंत्रं एकामागून एक बंद पडायला लागली. दुरुस्तीवाल्यानं एक बोर्ड काढून दाखवला. फुगलेल्या डब्या, माथ्यावर तपकिरी डाग. मध्यंतरी खराब माल बाजारात आला होता, म्हणाला. अशा बोर्डाला जरा जास्त वीज दिली की आठवडाभरात संपतो. मी जागच्या जागी हिशेब केला. म्हापशाचा तो लाडका बोर्ड घेतला असता, तर माझी फिल्म अर्ध्यात मेली असती. मी धावत जाऊन आतेला फोन लावला, तिचं खरं होतं म्हणून सांगितलं. "तर काय," ती म्हणाली, आणि मी जेवले का ते विचारलं.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाराव्याला शेजारची काकी, जिच्या टोपलीशेजारी आते तीस वर्षं बसली, माझ्याजवळ येऊन बसली. म्हापशाहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आते बाजारात तिला काय म्हणाली, ते तिनं मला सांगितलं.

"मी गप रवलंय आसतंय तर चेडू आणि एक वरस हयसर रवला आसता. पन तसां कुसकां, सडललां तेच्या हातात बघून माका गप रवाक जमला नाय."

मी काकीसमोर रडले. आतेला सगळं माहीत होतं. मी ज्या दुकानात तिला गप्प बसवू बघत होते, तिथं ती नुसती गप्प बसली असती, तर मी तिच्याजवळ राहिले असते. आणि आज मला तेच हवं आहे. ते एक वर्ष हवं आहे, बंद पडलेल्या कॉम्प्युटरसकट, पत्रिका टाइप करत, ती बाजारातून आली की तिची टोपली उतरवून घेत. हे तिला सांगितलं असतं, तर ती रागावली असती.

माणसं गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. कॉम्प्युटर तिथंच होता, तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वर घातलेला. झाकण उघडलं. खाऱ्या वाऱ्यानं स्क्रू गंजले होते, पंखा अडकला होता. मी बोर्डावरची धूळ पुसली आणि तिनं फिरवला होता तसा एकेका डबीच्या माथ्यावरून अंगठा फिरवला. सगळ्या सपाट होत्या.